खेळण्यांचा पेटारा रोज उलटा का व्हायचा? साडेचार वर्षांच्या मुलीच्या खोलीचं प्रकरण

पहिल्याच फोनवर आईने सांगितलं, "ताई, रंग बदलायचाय, पलंग बदलायचाय, सगळंच नव्याने करायचंय. ती त्या खोलीत राहतच नाही हो. आणि असते तेवढ्या वेळात एवढा पसारा करते की आत पाय ठेवायला जागा राहत नाही."

मुलगी साडेचार वर्षांची. खोली दहा बाय नऊची, दीडच वर्षापूर्वी हौसेने सजवलेली. मी घरांच्या आतल्या मांडणीचं आणि सजावटीचं काम करते, त्यातही लहान मुलांच्या खोल्या जास्त. या कामाची मी पहिल्या दिवसापासून वहीत नोंद ठेवली होती. ती आता कुटुंबाला विचारून, नावं न देता इथे मांडते आहे. घरच्यांना भिंती बदलायच्या होत्या. प्रत्यक्षात भिंतींना हात लागला तो सगळ्यात शेवटी, आणि खोलीतली मुख्य अडचण त्याआधीच सुटलेली होती.

खोली होती तशी

दारातून पाहिलं तर खोली देखणी होती. समोरच्या भिंतीवर जंगलाचा वॉलपेपर, त्यात वाघ, हत्ती, माकडं. उजवीकडे आरशाच्या सरकत्या दारांचं कपाट, खिडकीखाली पलंग, पलंगाच्या पायथ्याशी झाकणाचा मोठा लाकडी पेटारा. कोपऱ्यात साडेपाच फुटी उघडं रॅक, आणि 'पुढे शाळेला होईल' म्हणून घेतलेलं मोठ्या माणसांच्या मापाचं टेबल.

मग मी दारातच गुडघ्यांवर बसले. मुलीची उंची १०४ सेंटिमीटर, म्हणजे डोळे जमिनीपासून साधारण ९३ सेंटिमीटरवर. त्या पातळीवरून वाघ-हत्ती दिसत होते, पण वरच्या फळ्यांवरची पुस्तकं दिसत नव्हती. दिसत होती ती फळ्यांची खालची, पॉलिश न केलेली बाजू. टेबलाची कड तिच्या छातीशी येत होती. कपड्यांचा दांडा हाताच्या पार वर. अख्ख्या खोलीत तिच्या आवाक्यातली वस्तू एकच होती, तो पेटारा.

एक गोष्ट मात्र लगेच करावी लागली. रॅकच्या खालून दुसऱ्या फळीवर धुळीत लहान पावलांचे ठसे होते. ती पुस्तकांपर्यंत चढत होती, आणि घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. मी रॅकची वरची कड दोन बोटांनी ओढली तर ते पुढे झुकलं. मागून भिंतीला काहीच जोडलेलं नव्हतं. बाकी काही ठरायच्या आधी, त्याच संध्याकाळी बाबांनी एल आकाराच्या पट्ट्या आणून रॅक आणि कपाट दोन्ही भिंतीत स्क्रूने घट्ट बसवली. मुलं खण बाहेर ओढतात, त्यांची पायरी करतात, वजन पुढे येतं आणि कपाट अंगावर कोसळतं. अमेरिकेत २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार कपड्यांच्या कपाटांची स्थिरता तपासताना २७ किलोपर्यंतच्या मुलाचं वजन गृहीत धरतात. साडेचार वर्षांच्या मुलाचं वजन त्यापेक्षा बरंच कमी असतं, तरी आधार न दिलेल्या उंच रॅकला तेवढंही जास्त होऊ शकतं. या बाबतीत मला कुणाचंच दुमत चालत नाही. रंग द्यायचा राहिला तरी चालेल, पट्ट्या लावायच्या राहता कामा नयेत.

त्याच दिवशी पलंग खिडकीखालून हलवला आणि पडद्याची लोंबती दोरी काढून टाकली, तिचा गळ्याला फास बसू शकतो. पेटाऱ्याचं जड झाकण उघडलं की थांबत नव्हतं, सरळ बोटांवर पडायचं. तेही बिजागऱ्यांतून सोडवून बाजूला ठेवलं.

सात रात्री

यानंतर मी आठवडाभर काहीही बदलू नका म्हणाले. आईला ते फारसं पटलं नाही, तिला कामाला कधी सुरुवात होते असं झालं होतं. पण तिने ऐकलं. रोज रात्री, आवरायच्या आधी, दारात एकाच जागी उभं राहून खोलीचा एक फोटो काढायचा, एवढंच काम.

सातही फोटो समोर ठेवले तेव्हा पसाऱ्याचा आकार जवळजवळ तोच होता. पेटाऱ्यासमोर मोठा ढीग, आणि त्या ढिगापासून लांब दोन छोटी बेटं: एक टेबलाखाली, एक थेट दाराच्या उंबरठ्यावर. ढिगातल्या वस्तू एकमेकींवर पडलेल्या, ओतल्यासारख्या. बेटांवरच्या मात्र मांडलेल्या, ओळीत.

आजी हे फोटो पाहत होत्या. रोज पेटारा भरण्याचं काम त्यांच्याकडेच होतं. त्या म्हणाल्या, "अगं, ती खेळायला नाही ओतत. शोधायला ओतते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोपऱ्यात बसून पाहिलं. मुलगी आली, पेटाऱ्यात कोपरापर्यंत हात घातला, चाचपडली. मग दुसरा हात. मग कड धरून पाय टेकवले आणि सगळा पेटारा पुढे कलंडवला. खळकन ढीग पडला. त्यातून एक पिवळी, बोटभर लांबीची बस उचलली आणि ती तडक उंबरठ्यावर जाऊन बसली. बाकीच्या ढिगाकडे तिने वळूनही पाहिलं नाही. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

पेटारा आतून ५० सेंटिमीटर खोल होता. त्यात तळाशी गेलेली बस मिळवण्याचा दुसरा कोणता उपाय या मुलीपाशी होता? मला तरी सुचत नाही. घरात तिला 'पसारेबाज' म्हणत होते, आणि तिच्यासमोर म्हणत होते. मला ते लागलं. दीड वर्ष एका मुलीला पेटाऱ्याच्या खोलपणाबद्दल बोलणी खावी लागली.

कमी, उथळ, एकाच थरात

खेळणी किती ठेवायची यावर घरात मतभेद होते. बाबांना वाटत होतं, सगळी समोर असू दे, तिचीच आहेत. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी त्यांना सांगितला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन खेळू दिलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. आमची मुलगी त्याहून मोठी, म्हणून 'चारच' हा आकडा मी उचलला नाही. पण दिशा तीच धरली.

दोन बुटकी उघडी शेल्फं केली, प्रत्येक ६० सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर खोल. त्यांत बारा उथळ ट्रे, १० सेंटिमीटर खोलीचे. एका वस्तूवर दुसरी बसली की खालची हरवते, हे पेटाऱ्याने शिकवलंच होतं. म्हणून ट्रेमध्ये एकच थर. उरलेली खेळणी झाकणाच्या खोक्यांत कपाटावर. पुष्कळ जण ती दर महिन्याला अदलाबदल करायला सांगतात. मी तारीख ठरवत नाही. मूल एखादी गोष्ट मागतं तेव्हा ती खाली आणायची, आणि जिच्याकडे ते पाहत नाही ती वर जाते.

बुटक्या शेल्फाची एक अडचण मला आधी सुचली नव्हती, ती आजींनी सांगितली. मुलीला सोपं झालं, पण तिच्याबरोबर आवरायला बसणाऱ्या आजींना जमिनीवर बसणं-उठणं जड जाऊ लागलं. मूल आवरतं ते कुणी सोबत असेल तर. या वयात एकट्याने आवरायची अपेक्षा मी ठेवत नाही. मग ज्याची सोबत आहे त्याच्या गुडघ्यांचा विचार मांडणीत यायलाच हवा. शेल्फांशेजारी पाठ असलेलं, ४० सेंटिमीटर उंचीचं भक्कम स्टूल आलं. आजी त्यावर बसून सांगतात, मुलगी ठेवते. पूर्वी आजी ठेवत होत्या आणि मुलगी पाहत होती.

मोठं टेबल आईबाबांच्या खोलीत गेलं. त्याजागी २६ सेंटिमीटर उंचीची खुर्ची आणि ४६ सेंटिमीटर उंचीचं टेबल. शाळांच्या फर्निचरच्या युरोपीय मानकात ९३ ते ११६ सेंटिमीटर उंचीच्या मुलांसाठी हीच मापं आहेत. पाय जमिनीला पूर्ण टेकतात, त्यामुळे मूल खुर्चीत चुळबुळ कमी करतं. खुर्ची मुद्दाम हलक्या लाकडाची घेतली. इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये लहान मुलांसाठीची आपली पहिली शाळा सुरू केली, तेव्हापासून त्यांचा एक आग्रह होता: मुलाला स्वतः उचलून नेता येईल इतकं हलकं फर्निचर. मी ही गोष्ट केवळ तत्त्व म्हणून पाळली. तिचा खरा उपयोग नंतर कळला.

झाकण

ट्रेमध्ये कोणती खेळणी ठेवायची ते निवडायला बसलो तेव्हा मुलगी सोबत होती. तुटकं, अपुरं, नको असलेलं असं वेगळं काढत होतो. मी एका बाटलीचं निळं प्लास्टिकचं झाकण कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. तिने काही न बोलता पिशवी उघडली, झाकण काढलं, फ्रॉकला पुसलं आणि मुठीत धरून ठेवलं. मी विचारलं, हे कशाचं आहे? ती म्हणाली, "मावशी, हा बाळाचा पलंग आहे."

बाळ म्हणजे अंगठ्याएवढा रबरी ससा. तो त्या झाकणात नेमका मावत होता.

हे मी ऐकलं, हसले, आणि तरीही पुढची चूक केलीच. बारा ट्रेंना मी चित्रांच्या चिठ्ठ्या लावल्या: गाड्या, प्राणी, बाहुल्या, ठोकळे, कोडी, रंग, भातुकली वगैरे. दिसायला सुरेख झालं. चौथ्या दिवशी आईचा फोन आला, सगळं पुन्हा मिसळलंय.

मी जाऊन पाहिलं. मिसळलेलं होतं, पण विस्कटलेलं नव्हतं. एका ट्रेमध्ये पिवळी बस, ससा, त्याचं झाकण, एक हत्ती, बाहुलीचा एकच बूट आणि दोन चपटे ठोकळे. दुसऱ्यात तीन गाड्या आणि एक चमचा. मी तिच्याशेजारी बसून विचारलं, बस इथे का गं? तिने मला अगदी शांतपणे समजावलं: "ही यांची बस आहे. यांना शाळेत जायचंय." बूट म्हणजे शिपाईकाकांची खोली होती. ठोकळे म्हणजे बाकं.

आपण मोठी माणसं वस्तूंची वर्गवारी जातीवरून करतो, दुकानात लावतात तशी. ती खेळात रचलेल्या गोष्टींवरून करत होती. माझ्या चिठ्ठ्यांप्रमाणे आवरायचं तर तिला रोज रात्री शाळा मोडावी लागत होती, आणि सकाळी बस एकीकडून, ससा दुसरीकडून, बूट तिसरीकडून गोळा करावा लागत होता. म्हणजे पेटाऱ्याचीच तऱ्हा. फक्त आता शोधण्याच्या जागा बारा झाल्या होत्या.

मग पाच ट्रे तिला दिले. त्यांत काय असावं हे कुणीही ठरवायचं नाही, रात्रीही ते मोडायचे नाहीत, जसे आहेत तसे उचलून शेल्फात ठेवायचे. त्यांच्या चिठ्ठ्यांवरची चित्रं तिनेच काढली. एकीवर नुसता गोल आहे आणि तो 'शाळा' आहे. उरलेल्या सात ट्रेंमध्ये मोठ्यांची वर्गवारी राहिली, पण तीही कारणापुरती: कोड्याचा एक तुकडा हरवला की कोडं गेलं, खडू मिसळले की सगळ्याला रंग लागतो. जिथे मिसळल्याने खरंच नुकसान होतं तिथेच वर्गवारीचा आग्रह धरावा, असं मी आता प्रत्येक घरी सांगते.

ती खोलीत का झोपत नव्हती

रोज रात्री तासाभराने ती उठून आईबाबांकडे जायची. नवा पलंग हवा होता तो यासाठी, बसच्या आकाराचा, म्हणजे तिला आवडेल. मी म्हटलं, आधी मला त्या पलंगावर पडू द्या. रात्री साडेनऊला खोलीतला दिवा घालवला, खोलीबाहेरच्या बोळातला चालू ठेवला, दार रोजच्याइतकंच उघडं, आणि तिच्या उशीवर डोकं ठेवलं.

समोर कपाटाचे आरसे. त्यांत बोळातल्या उजेडाची एक उभी पट्टी, आणि तिच्या शेजारी काहीतरी काळं. मी कुशीवर वळले तर ते काळंही हललं. ती मीच होते, हे मला समजायला क्षणभर लागला. स्वयंपाकघरात कुणी येऊन गेलं की पट्टी विझायची, पुन्हा लागायची.

मग आईला पडायला सांगितलं. ती बराच वेळ तशीच पडून राहिली. उठल्यावर म्हणाली, "मी रोज तिला इथे झोपवते. पण दिवा घालवून मी इथे एकदाही पडले नव्हते."

आरशांच्या दारांवर प्रतिबिंब दिसू न देणारा, दुधाळ मॅट फिल्मचा थर चढवला. पलंगाचं डोकं अशा भिंतीला आणलं की पडल्यापडल्या दार आणि बोळाचा तुकडा दिसतो, कपाट बाजूला राहतं. नवा पलंग आलाच नाही.

उजेडाचं काम थोडं वेगळं. झोपेच्या क्षणापर्यंत छतावरची पांढरी ट्यूब लख्ख जळत असायची. कोलोरॅडो विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झोपेआधीच्या तासात ५ ते ५००० लक्स (उजेड मोजायचं एकक) असा मंद ते लख्ख, वेगवेगळा उजेड देऊन पाहिला. झोपेची वेळ शरीराला सांगणारं मेलाटोनिन मंद उजेडातही बऱ्यापैकी घटलं. मुलांचे डोळे मोठ्यांपेक्षा जास्त उजेड आत घेतात. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर ट्यूब बंद, पलंगाजवळ पिवळसर मंद दिवा, आणि झोपल्यावर जमिनीलगत एक बारीकसा, पलंगाच्या आडून. या वयाच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते. ती रात्री उशिरा सुरू झाली की सकाळ चिडचिडीची जाते, हे आईने आपणहून सांगितलं.

आधीचा रात्रीचा दिवा मी काढून टाकायला लावला. त्यात बटणासारखी चपटी बॅटरी होती आणि तिचं झाकण नखाने उघडत होतं. अशी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेत दोन तासांत गंभीर भाजू शकतं. स्क्रूने बंद होणारं झाकण नसेल तर ती वस्तू लहान मुलाच्या खोलीत नको, मग ती कितीही गोड दिसो.

भिंती

आता जंगल. तीन वर्षांची असताना तिला वाघ आवडायचा. आता बस आवडते, उद्या आणखी काही. बाबांना बसचा वॉलपेपर हवा होता. मी स्पष्ट नको म्हटलं. आवड बदलते ती चादरीवर, उशीवर, भिंतीवरच्या एका टाचणी-फळ्यावर उतरवावी, जिथून ती काढता येते. शिवाय २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवर्गातल्या २४ मुलांवर केलेल्या प्रयोगात चित्रांनी गच्च भरलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त उडालं. झोपायची खोली म्हणजे वर्ग नव्हे हे खरं, पण चहूबाजूंनी बोलणाऱ्या भिंतींमध्ये निवांत होणं अवघड, असं मलाही अनुभवाने वाटतं.

वॉलपेपर निघाला तेव्हा खाली जुन्या रंगाचे पोपडे होते. घर जुनं. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की त्याची धूळ होते. लहान मुलांच्या मेंदूला तीच घातक. म्हणून पाणी मारून ओलंच खरवडलं, खोली बंद ठेवली, फरशी ओल्या फडक्याने पुसली, आणि ते सगळे दिवस मुलगी दुसऱ्या खोलीत झोपली. नवा रंग पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा. शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या आत असल्याचं डब्यावर वाचूनच घेतला.

निळा शांत करतो, पिवळा चिडवतो, असल्या ठोकताळ्यांवर मी रंग ठरवत नाही. आम्ही तीन रंग निवडले, प्रत्येकाचा दोन फुटी तुकडा पुठ्ठ्यावर रंगवून दोन दिवस भिंतीला टेकवून ठेवला, सकाळच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्यातही. मग तिला विचारलं. तिने पावसाळी आभाळासारखा राखाडी-निळा निवडला. आईला तो उदास वाटला. पण आपणच विचारलंय तर आता उत्तर बदलायचं नाही, असं मी म्हटलं, आणि तो राहिला.

तीन महिन्यांनी

आवरायला आता दहा मिनिटं लागतात, आजी किंवा आई सोबत असेल तर. कुणी नसेल तर नाही. पेटारा गॅलरीत गेला, त्यात चपला राहतात. रंगकामाचं टेबल अजूनही रोज खराब होतं आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. रात्री ती आठवड्यातून दोनदा आईबाबांकडे जाते, पूर्वी रोज जायची. 'पसारेबाज' हा शब्द घरात बंद झाला. तो मी बंद करायला सांगितला नव्हता, तो आजींनी केला.

एक गोष्ट सपशेल फसली. खिडकीजवळ मी वाचनाचा कोपरा केला होता: गादी, दोन उशा, मच्छरदाणीसारखं कापडाचं छत, समोर पुस्तकांची मुखपृष्ठं दिसतील अशी फळी. सगळ्या खोलीत मला सर्वांत आवडलेली जागा ती. तिथे ती कधीच बसली नाही. मी गेले तेव्हा ती उंबरठ्यावर होती, आपली छोटी खुर्ची स्वतः ओढत आणून, मांडीवर पुस्तक घेऊन. तिथून एका बाजूला तिची खोली दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला ओट्यापाशी उभी असलेली आई. पहिल्या आठवड्याच्या फोटोंतही हीच जागा होती, ओळीत मांडलेलं ते बेट. मी ते पाहिलं होतं, मोजलंही होतं, आणि कोपरा मात्र मला छान दिसेल तिथे केला होता.

छत उतरवलं. पुस्तकांची फळी खिडकीपासून काढून दाराच्या चौकटीशेजारी लावली, तिचा हात बसल्याजागी पोचेल इतकी खाली. खुर्ची रोज ओढून शेल्फापासून उंबरठ्यापर्यंत फरशीवर दोन बारीक रेघा उमटल्या होत्या. खुर्चीच्या चारही पायांना फेल्टच्या चकत्या चिकटवल्या आणि मी निघाले.